अक्काला न विचारता घेतलेली होडी

होडी बघायला मी अक्काला नेलं नाही. विसरलो नव्हतो, सवड नव्हती असंही नव्हतं. रविवारी दोघं मिळून जाऊ असं तिला सांगितलं आणि शुक्रवारीच एकटा जाऊन होडी ठरवून आलो. पुढं घरात या गोष्टीची गंमत झाली. 'सदाची बोट' म्हटलं की आजही आमच्या घरातले लहानथोर हसतात, आणि मीही त्यांच्याबरोबर हसत आलोय. त्या हसण्याआड मला लपता यायचं. इथं मात्र ती गोष्ट हसण्यासारखी सांगायची नाही असं ठरवून बसलोय. चूक माझी होती, आणि ती अजाणतेपणी झालेली नव्हती.

आमचं घर पंचगंगेच्या काठावरच्या गावात, उताराला, भोई गल्लीत अगदी शेवटी. घरापुढं मळीची, म्हणजे नदीच्या गाळाची शेतं आणि त्यापलीकडं नदी. वारा कबनूरकडनं सुटला की तिथल्या यंत्रमागांची खडखड घरात यायची आणि वारा पडला की बंधाऱ्यावरनं पडणाऱ्या पाण्याचा एकसुरी आवाज उरायचा. आप्पा उंबऱ्यावर बसून, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून जाळं सांधत असायचे. आत जाणाऱ्याला त्यांच्या पायावरनं ढांग टाकून जावं लागायचं, आणि ढांग टाकली की ते न चुकता म्हणायचे, "तुडव तुडव, बा हाय म्हणून तुडव." आई सकाळी मासळीची पाटी घेऊन इचलकरंजीच्या बाजाराला जायची. मोठे कटले, रोहू पाटीत जायचे आणि घरात उरायची ती सापासारखी हातभर वांब, नाहीतर काट्यांनी भरलेले बारके मासे. त्यांचं कालवण आई चिंचेचा कोळ, भाजलेलं खोबरं आणि घरची कांदा-लसणाची चटणी घालून करायची. चुलीवरची जोंधळ्याची भाकरी थेट ताटात पडायची. आता कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी बायको तेच जिन्नस घालून कालवण करते, आणि खरं सांगायचं तर आईपेक्षा चांगलं करते. आईचं फार आंबट असायचं. तिच्या हयातीत हे बोलायची कुणाची छाती झाली नाही.

आमच्याकडं होडी नव्हती, काहील होती. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायला असते ती लोखंडी, परातीसारखी गोल, भली मोठी काहील. शेजारच्या गावातलं गुऱ्हाळ मोडलं तेव्हा आप्पांनी ती आणली होती. महापुरात काहिलीत बसवून माणसं पलीकडं नेतात हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, पण रोज तिच्यात उभं राहून मासे धरणारं आमचं एकच घर. गोल भांड्याला पुढं नाही आणि मागं नाही. एका बाजूनं काठी रेटली की ते पुढं जायचं सोडून स्वतःभोवती फिरतं. आप्पा पाग टाकायचे, म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं. जाळं हातातनं सुटायच्या क्षणी पायाखालचं भांडं जरा जरी फिरलं, तर ते उघडायच्या आत गोळा होऊन पाण्यात पडतं. त्यामुळं जाळं फेकणाऱ्याचं नाव होत असलं तरी खरा खेळ मागं काठी धरून उभं असलेल्या माणसाचा असतो. आप्पांची काठी बरीच वर्षं आमचे एक चुलते धरायचे. ते मागावर कामाला लागले, इचलकरंजीला राहायला गेले, आणि काठी भिंतीला टेकून राहिली.

त्याच सुमाराला अक्का माहेरी परत आली. तिचं नाव शेवंता, माझ्याहून मोठी. कर्नाटकच्या सीमेकडच्या गावात तिला दिली होती. एका दुपारी ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली, आईनं काही न विचारता ताट वाढलं, आणि ती जेवली. तिथं काय झालं ते तिनं आईला सांगितलं, आईनं आप्पांना सांगितलं, मला कुणी सांगितलं नाही. पण तिच्या डाव्या मनगटाचं हाड मोडून वाकडं जुळलेलं होतं, आणि ते मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी आप्पा नुसतेच काठाकडं निघाले तशी तिनं पदर खोचला आणि काठी उचलली. आमच्यात बायका मासळी विकतात, जाळी विणतात, काठी धरत नाहीत. आप्पांनी एकदा काठीकडं बघितलं, एकदा मनगटाकडं बघितलं, आणि म्हणाले, "चल. पडलीस तर पवता येतंय न्हवं?"

ती पडली, पुष्कळदा पडली. आप्पांनाही तिनं पाडलं. पण पावसाळा येऊन गेला तोवर काहील तिच्या पायाखाली अशी उभी राहायला लागली की जणू जमिनीत रोवलीय. काठावरची माणसं टोमणे मारायची. डेअरीत दूध मापणारे एक गृहस्थ रोज सायकल थांबवून उभे राहायचे. एकदा ते म्हणाले, "आप्पा, आता जाळंबी तिलाच द्या, आन तुमी घरात भाकऱ्या थापा." अक्का काठी न थांबवता म्हणाली, "त्यांस्नी कुठं येत्यात? तुमीच या की शिकवायला. वैनी सांगत हुत्या, तुमच्या लई पातळ हुत्यात म्हणून." त्या दिवसापासनं सायकल थांबायची बंद झाली. अक्काचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. तिला स्वतःच्या कामाचा गर्व होता आणि तो ती लपवायची नाही. "माझ्यासारखी काहील कुणी धरून दावावी," असं ती भर बाजारात बोलायची. आज मला तिच्या त्या बोलण्याचा अभिमान वाटतो. तेव्हा मान खाली जायची.

मी आयटीआय करून कागलच्या एमआयडीसीत लागलो होतो. कामगारांच्या बसमध्ये, डब्याच्या वेळी कुणीतरी हमखास विचारायचं, "तुझी भन मासं धरती म्हणं?" मी विषय बदलायचो. त्यात मला मुली बघायला सुरुवात झाली. एका घरचे पावणं येऊन गेले, चहा पिताना त्यांनी एवढंच विचारलं, "थोरली हितंच असती व्हय? कायमची?" आई म्हणाली, "व्हय, हितंच." ते पावणं पुन्हा आले नाहीत. तेव्हापासनं मी मनात एक धरून बसलो. अक्का परत गेली पाहिजे.

ती परत जात नव्हती याचं कारण एकच होतं, निदान बोलायचं कारण. नवऱ्याऐवजी तिचा दीर बाळाप्पा मधनंमधनं तिला न्यायला यायचा. दांडगा, पांढऱ्या कपड्यातला, अर्धं कानडी बोलणारा माणूस. दर वेळी आप्पा त्याला एकच सांगायचे, "पावणं, ही गेली तर काठी कोण धरणार? माझं पोट हिच्या हातावर हाय." लेकीला नांदायला धाडत नाही म्हटलं असतं तर चारचौघांत भांडण झालं असतं. काठीचं कारण मात्र दोन्हीकडच्या माणसांना पटण्यासारखं होतं. बाळाप्पा जेवून, मान हलवून परत जायचा. अक्काचं आमच्या घरातलं राहणं त्या काठीवर उभं होतं, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

आणि मग काहिलीचा तळ गेला. गंजून आधीच चाळण झाली होती. आप्पा डांबर लावून चालवत होते, एक दिवस अंगठा घालता येईल एवढं भोक पडलं. आप्पांनी काहील काठावर पालथी घातली आणि तिच्याखाली आईच्या कोंबड्या राहायला गेल्या. होडी घ्यायचं ठरलं. माझ्याकडं पगारातलं साठवलेलं होतं, मी म्हणालो, मी घेतो. आप्पांना फार बरं वाटलं. ते म्हणाले, "घे. पर शेवंताला संगट ने. तिनं उभं राहून बघाय पायजे."

आमच्यात होडी काठी धरणाऱ्यानं बघायची असते. पैसा कुणाचा, मालकी कुणाची, हे कुणी विचारत नाही. काठी धरणारा अनवाणी पायानं मागच्या टोकाला उभा राहतो, डोळे मिटतो, आणि पुढं दुसऱ्याला जाळं फेकायला लावतो. होडी किती हलते, हलल्यावर किती लवकर थांबते, हे त्याच्या तळव्यांनी सांगायचं. दुसरी गोष्ट, होडी बघायची ती उन्हाळ्यात, नदी आटल्यावर. बंधाऱ्याच्या खांबांत बरगे, म्हणजे फळ्या, घालून पाणी अडवलं की नदी तुडुंब भरते, आणि तुडुंब पाण्यात कुठलीही होडी चांगलीच वाटते. आम्हा लोकांचं पोट गुडघाभर पाण्यात असतं. केंदाळ, म्हणजे ती जांभळ्या फुलांची जलपर्णी, जिथं साचते आणि खाली गाळ असतो, तिथं मरळ सापडते. तिथं जाईल ती होडी. हे मला शाळेत जायच्या आधीपासनं ठाऊक होतं. मी गेलो तेव्हा बरगे घातलेले होते, आणि मी एकटा गेलो.

कोल्हापुरात उद्यमनगरकडं एक फायबरचा कारखाना होता, पाण्याच्या टाक्या करायचे, होड्याही करायचे. तिथल्या माणसानं मला एक निळी होडी दाखवली. नाक वर उचललेलं, बाजू उंच, खाली तळाला माशाच्या काट्यासारखा उभा कणा, मागं मशीन बसवायला जागा, आणि मशीनच्या पुढं आडवी बैठक पक्की केलेली. मी विचारलं, "मागं उभं ऱ्हाता येतंय का?"

"उभं कशाला ऱ्हायचं, पावणं?" तो म्हणाला. "बसायचं की ऐटीत. मशीन हाय न्हवं."

मला हवं होतं तेच उत्तर मिळालं. जिच्यात काठी धरून उभं राहायला जागा नाही अशी होडी मी घेतली.

टेंपोतनं ती काठावर उतरली तेव्हा सगळी गल्ली बघायला आली. अक्का होडीभोवती एक फेरी मारून आली. खाली वाकून तिनं त्या कण्यावरनं हात फिरवला. मग मला म्हणाली, "रविवारी जायचं ठरलं हुतं न्हवं?"

"एकच शिल्लक हुती त्यांच्याकडं. दुसरं गिऱ्हाईक बसलंतं."

"बरं. मी कुठं उभी ऱ्हायची हिच्यात?"

मी आधीच ठरवून ठेवलेलं वाक्य बोललो. "आता तुला उभं ऱ्हायला नको, अक्का. लई केलंस. आता आराम कर."

मग तिचा चेहरा सैल झाला. ती आप्पांकडं वळून म्हणाली, "आप्पा, आराम कर म्हणतोय मला. माझा भाऊ मोठा झाला की." तिला खरं वाटलं होतं. तो क्षण मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

भरल्या नदीत बोट झकास चालली. सुट्टीच्या दिवशी मी मशीन चालवायचो, इतर दिवशी गल्लीतलं कुणीतरी. अक्का उंबऱ्यावर बसून आप्पांची जाळी सांधायची, आणि आता आम्ही तिच्या पायावरनं ढांग टाकून जायचो. ती काही बोलायची नाही, हेच मला जड जायचं. तेवढ्यावर मी थांबलो असतो तर या प्रकरणाला निम्मंच वजन असतं. थांबलो नाही. आमच्या बसमध्ये बाळाप्पाच्या गावचा एकजण असायचा. एक दिवस मी त्याला सहज बोलल्यासारखं म्हणालो, "आमच्याकडं आता मशीनची होडी आल्या. काठीचं काय काम उरलं न्हाय. घरात सांगा." कुणाच्या घरात, ते मी बोललो नाही. त्याला कळलं.

बाळाप्पा आला तो उन्हाळा तापल्यावर, बरोबर गावातली दोन मोठी माणसं घेऊन. येताना जीपच घेऊन आला होता. पानसुपारी झाली आणि त्यानं थेट विषय काढला. "आप्पा, मशीन आलं म्हणं. आता काय अडतंय? यल्लम्मा बरं करील. आजच घिऊन जातो." वर्षानुवर्षं चाललेलं कारण त्यांच्या हातातनं निसटलं होतं. आतल्या खोलीत अक्का उभी होती, तिच्या बांगड्यांचा आवाज थांबला. आप्पा उठले, म्हणाले, "आधी जेवा. मासं घिऊन येतो. चल रं सदा." वेळ काढायचा होता त्यांना, दुसरं काही नाही.

नदी आटली होती. मधे एक धार, बाकी सगळीकडं गुडघाभर पाणी, गाळ आणि केंदाळ. मरळीच्या जागेकडं मी बोट घातली आणि थोडं आत जातोय तोवर मशीनच्या पंख्यात केंदाळाची मुळं गुंडाळली गेली. मशीन गुरगुरलं, धूर सोडला, बंद पडलं. उंच बाजूंना वारा लागला, बोट सरकत उथळावर गेली आणि तळाचा कणा गाळात रुतला. काठीनं रेटावं तर उभं राहायला जागा नाही. बैठकीवर गुडघे टेकून मी रेटलं, काठीच गाळात जाऊन बसली. खाली उडी मारली, मांडीपर्यंत आत गेलो आणि एक चप्पल कायमची नदीला दिली. आप्पांचा गुडघा दुखरा, त्यांना गाळात उतरवणं शक्य नव्हतं. ते बैठकीवर जाळं मांडीवर घेऊन देवासारखे बसून राहिले. काठावर माणसं जमली. बाळाप्पा आणि त्याचे दोघेही मशीन बघायला म्हणून आले होते, ते पुढंच उभे. डेअरीवाले गृहस्थ आपली जुनी हौस भागवत ओरडले, "सदा, हॉर्न मार की."

मग काठावर कोंबड्यांचा गलका झाला. अक्का आणि आई पालथी काहील सुलटी करत होत्या. अक्कानं भोकात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला, वर चिखल थापला, काठी घेतली आणि काहील पाण्यात ढकलली. बोटीला जे केंदाळ आवरत नव्हतं, त्याच्यावरनं ती गोल काहील सरकत आली. फिरायला लागली तरी अक्का तिला अडवत नव्हती, फिरता फिरताच पुढं आणत होती, एका गिरकीत तिचं तोंड आमच्याकडं, दुसऱ्या गिरकीत काठाकडं. घोट्याएवढं पाणी आत आलेलं होतं. आमच्याजवळ आली आणि काठी रोवली तशी काहील जागच्या जागी थांबली. "आप्पा, या," ती म्हणाली. आप्पा जाळं घेऊन तिच्यात गेले. मी हात पुढं केला. ती म्हणाली, "तू ऱ्हा की मशीनसंगट. आराम कर."

तिथनं ती सरळ काठाकडं आली असती तरी झालं असतं. ती आली नाही. सगळ्यांच्या समोर, केंदाळाच्या कडेला तिनं काहील आणली, दोन्ही पाय फाकवून उभी राहिली, आणि म्हणाली, "टाका." आप्पांनी पाग फेकला. मी गाळातनं बघत होतो. काहील तसूभर हलली नाही. जाळं हवेत पुरं गोल उघडलं आणि पाण्यावर आवाज न करता पडलं. आप्पांनी ते ओढत आणलं तेव्हा आत काळीभोर मरळ आपटत होती. इतक्या वर्षांत मी आप्पांचं जाळं हजारदा उघडताना बघितलं असेल, पण काठी धरणाऱ्याकडं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मी मांडीभर चिखलात उभा होतो, माझाच डाव माझ्यावर उलटला होता, आणि तरी मला वाटत होतं की कुणीतरी मला विचारावं, ही कोण तुझी? आणि मी सांगावं, माझी बहीण.

काठाला पाय लागताच आप्पा बाळाप्पाला म्हणाले, "बघितलासा न्हवं, पावणं? काठी कोण धरणार, आता तुमीच सांगा."

बाळाप्पानं बरोबरच्या माणसांकडं बघितलं. त्यातला म्हातारा काहिलीतल्या पाण्याकडं बघत म्हणाला, "ह्ये घर मोडायचं पाप आपल्याला नको, बाळाप्पा." ते जेवले. अक्कानंच वाढलं. बाळाप्पानं मान वर केली नाही, भाकरी मागितली नाही, आणि पुन्हा कधी आला नाही. मला दिवस मावळताना गल्लीतल्या पोरांनी दोर टाकून ओढून काढलं. त्या रात्री जेवताना आप्पा 'सदाची बोट' म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो. मशीन काय, होडी काय, पोराला कळलं नाही, असा सगळ्यांचा समज झाला. मी तो समज राहू दिला.

ती बोट एका तलावावर बोटिंग चालवणाऱ्यानं नेली. पुढची होडी मात्र अक्कानं घेतली, भर उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना. कबनूरला रसूलचाचा म्हणून पत्र्याच्या ट्रंका आणि कोठ्या करणारे एक कारागीर होते. अक्कानं त्यांना सांगितलं, तळ ट्रंकेसारखा सपाट, पुढचं टोक सुपासारखं जरा उचललेलं, बाजू गुडघ्याच्या खाली. चाचा म्हणाले, "बेटी, सीट किधर लगाऊ? बसणार कुठं?"

"बसायला घर हाय की, चाचा."

चाचांनी होडी केली, हातगाड्यावर घालून नदीला आणली. अक्का मागं उभी राहिली, डोळे मिटले. पुढं मी जाळं घेऊन उभा, कारण वाईट फेकणाराच बघायला बरा असतो असं तिचं म्हणणं. मी फेकलं आणि आम्ही दोघंही पाण्यात. होडी अरुंद झाली होती, आणि माप अक्कानंच दिलेलं होतं. चाचा काठावर पोट धरून हसत होते. अक्का केस पिळत वर आली, म्हणाली, "आणि वीतभर रुंद पायजे. काय हसता? माझ्या पायाला आज कळलं, ते आज सांगितलं." चाचांनी तळ मधोमध कापला, वीतभर पट्टी झाळून जोडली. दुसऱ्यांदा मी फेकलं, तिसऱ्यांदा फेकलं, होडी हलायची आणि लगेच थांबायची. अक्कानं डोळे उघडले. "ही माझी," ती म्हणाली. त्या पत्र्याच्या डब्यावर तिनं आप्पांचं म्हातारपण काढलं, आईचं आजारपण काढलं, माझ्या लग्नात मासळीला कमी पडू दिलं नाही. माझं लग्न तिच्यामुळं अडलंही नाही. बायकोच्या माहेरची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा होडी बघायलाच काठावर गेली होती. आज आमच्या गल्लीत आणखी दोन होड्यांच्या मागं बायका उभ्या असतात. त्यांच्या होड्या अक्कानंच बघून दिल्यात.

मी हे लिहायला बसलो त्याचं कारण माझ्या मुलीचा साखरपुडा. अक्कानं तिथं व्याह्यांना 'सदाची बोट' सांगितली, हातवारे करून, सगळे हसून बेजार. शेवटी ती म्हणाली, "पर एक सांगते, माझ्या आरामासाठी आणलीती बिचाऱ्यानं. कुठला भाऊ एवढं करतोय?" आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. माझ्या हातातला घास ताटात गेला. इतकी वर्षं ती त्या एका वाक्यावर माझ्यावर माया करत आली होती, आणि ते वाक्यच खोटं होतं.

पुढच्या रविवारी मी गावी गेलो. तिच्या पुढं जाळं टाकणारा चुलतभाऊ आजारी होता. "येतोस का? तुझ्यासारखं वाईट कुणी टाकत न्हाय, पर आज दुसरं कोण न्हाय," ती म्हणाली. मी पुढं उभा राहिलो, ती मागं. साठीला आली तरी काठी तशीच चालते. केंदाळाच्या कडेला होडी आली. माझ्या हातात जाळं होतं, ते मी फेकलं नाही. पाण्याकडं बघत मी पुटपुटायला लागलो.

"काय बोलालायस?" ती म्हणाली. "पाण्याला सांगतोयस व्हय? हिकडं तोंड कर."

मी वळलो. वळताना होडी हलली, तिनं पायानं सावरली. ती माझ्याकडं बघत होती.

"अक्का," मी म्हणालो, "ती बोट तुझ्या आरामासाठी न्हवती. तुला उभं ऱ्हायला जागा ऱ्हाऊ नये म्हणून मी ती घेतली. बाळाप्पाला सांगावाबी मीच धाडलता. तू परत जावंस, माझं लग्न जमावं, एवढंच माझ्या डोक्यात हुतं. सगळं कळत हुतं मला, तरीबी केलं. माझं चुकलं, अक्का. मला माफ कर."